मॅकवर पेन ड्राइव्ह फॉरमॅट करताना ‘स्कीम’ दिसत नाही?

२०१५ च्या एल कॅपिटन या मॅकच्या प्रणालीच्या आवृत्तीत अ‍ॅपलने डिस्क युटिलिटीला (डिस्क फॉरमॅट आणि दुरुस्त करायचं मॅकमधलं अ‍ॅप) अशी कात्री लावली की जुने वापरकर्ते अजून कुरकुरतात. रेडची, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून वापरायची, सोय गेली (ती पुढच्या वर्षी सिएरा या आवृत्तीबरोबर परत आली), फाइलींच्या परवानग्या दुरुस्त करायचं बटणही गेलं. त्यावाचून बहुतेकांचं फारसं अडत नाही. अडतं ते त्यानंतरच्या आवृत्त्यांत पेन ड्राइव्ह फॉरमॅट करताना: ‘स्कीम’चा, म्हणजे ड्राइव्हवरच्या भागांची नोंद कशी ठेवायची ते ठरवणारा, पर्यायच गायब! तो काढलेला नाही, नुसता आड ठेवलाय. का, ते अ‍ॅपललाच ठाऊक.

डावीकडच्या यादीत सुरुवातीला फक्त व्हॉल्यूम, म्हणजे ड्राइव्हवरचे फॉरमॅट केलेले भाग, दिसतात. ‘व्ह्यू’ मेनूतून ‘शो ऑल डिव्हायसेस’ निवडा, किंवा कमांडसोबत २ दाबा. आता व्हॉल्यूमची नव्हे, तर तिच्या वरची, अख्ख्या ड्राइव्हची ओळ निवडा आणि ‘इरेज’ म्हणा. स्कीम हजर. पेन ड्राइव्ह जुन्या टीव्हीला लावायचा असेल तर बहुधा ‘मास्टर बूट रेकॉर्ड’ ही स्कीम आणि ‘एमएस-डॉस फॅट’ हा फॉरमॅट ही जोडी चालते. मात्र या फॉरमॅटमध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. तशी फाइल असेल तर एक्सफॅट हा फॉरमॅट निवडा, अर्थात टीव्हीला ते वाचता येत असेल तर. शेवटचं बटण दाबण्याआधी ड्राइव्हचं नाव आणि क्षमता नीट वाचा, कारण बॅकअपची डिस्क जोडलेली असेल तर तीही त्याच यादीत असते.