डोंगरावर हॅम रेडिओ नेताना : वीजपुरवठा निवडण्यातल्या या चुका टाळा

लळिंगच्या किल्ल्यावर, तोरणमाळच्या पठारावर किंवा पालच्या जंगलालगत संच घेऊन बसणाऱ्या हौशी रेडिओचालकाची तयारी बहुधा अँटेनापासून सुरू होते. तार किती लांब कापायची, ती कोणत्या झाडाला बांधायची, सकाळी कोणता बँड (लहरींचा पट्टा) उघडा असेल, यावर आठवडाभर चर्चा चालते. बॅटरी मात्र आदल्या संध्याकाळी घरात जी हाताला लागेल ती पिशवीत जाते. मग वर पोहोचल्यावर ऐकू सगळे येते, पण माइकचे बटण दाबून बोलू लागताच संच बंद पडतो. अशा वेळी संच बिघडला, अँटेना जुळत नाही, असे तर्क केले जातात. माझ्या मते बहुतेक वेळा दोष वीजपुरवठ्याच्या निवडीत असतो, आणि त्या निवडीचा खरा निकष एकच आहे : संच पूर्ण शक्तीने प्रक्षेपण करत असताना त्याच्या मागच्या सॉकेटवर किती व्होल्ट टिकून राहतात. बॅटरीवर छापलेला आकडा, तिची किंमत, कंपनीचे नाव, हे सारे त्यानंतर येते.

सगळ्या ‘१२ व्होल्ट’ बॅटऱ्या सारख्या समजणे

१०० वॅटचे बहुतेक एचएफ (लघुलहरींवर चालणारे) संच १३.८ व्होल्टवर चालण्यासाठी बनवलेले असतात आणि त्यांना १५ टक्के कमी-अधिक चालते. म्हणजे साधारण ११.७ ते १५.९ व्होल्ट ही त्यांची हद्द झाली. आयकॉमचा आयसी-७३०० हे याचे परिचित उदाहरण. तो पूर्ण शक्तीवर २१ अँपिअरपर्यंत करंट ओढतो. आता बाजारात ‘१२ व्होल्ट’ म्हणून मिळणाऱ्या बॅटऱ्या या हद्दीत ताडून पाहाव्यात. शिशाची सीलबंद बॅटरी पूर्ण भरलेली असताना स्वस्थ स्थितीत १२.७ ते १३ व्होल्ट दाखवते, पण २० अँपिअरचा भार पडताच लहान आकाराची बॅटरी लगेच ११ च्या आसपास घसरते. तीन सेलच्या लिथियम-आयन पॅकचे सर्वाधिक व्होल्ट १२.६ असतात आणि मधला आकडा ११.१, त्यामुळे बॅटरीत निम्मी वीज शिल्लक असतानाच संच कुरकुर करू लागतो, आवाज फाटतो आणि पलीकडचा चालक शब्द कळत नसल्याची तक्रार करतो. ही अडचण टाळण्यासाठी कोणी चार सेलचा लिथियम-आयन पॅक घेतला, तर तो भरलेला असताना १६.८ व्होल्ट देतो आणि संचाची वरची मर्यादा ओलांडतो. तो थेट जोडणे धोक्याचे आहे.

चार सेलची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी या हद्दीत सर्वांत नीट बसते. तिचा छापील व्होल्टेज १२.८ असतो, भरताना तो १४.४ ते १४.६ पर्यंत जातो आणि वापरताना बराच काळ १३ व्होल्टच्या आसपास स्थिर राहतो. वजनही शिशाच्या बॅटरीच्या निम्म्याहून कमी असते, आणि सातपुड्याची चढण पाठीवर ओझे घेऊन चढणाऱ्याला याचे मोल सांगावे लागत नाही. मात्र खरेदी करताना तिच्या आतल्या बीएमएसची, म्हणजे सेलची राखण करणाऱ्या सर्किटची, क्षमता विचारावी. २० अँपिअर-तासांच्या (हे बॅटरीत मावणाऱ्या विजेचे माप) काही बॅटऱ्यांत १० किंवा २० अँपिअरचेच बीएमएस असते. २१ अँपिअर ओढणाऱ्या संचाने त्यावर बोलताना शब्द जोरात उच्चारला की ते पुरवठा तोडते. १०० वॅटसाठी किमान ३० अँपिअरचे बीएमएस हवे.

स्थिर व्होल्टेजची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. या बॅटरीत किती वीज उरली आहे, ते व्होल्टमीटरवरून कळत नाही. पाऊण भाग संपला तरी काटा फारसा हलत नाही आणि मग शेवटच्या टप्प्यात एकदम कोसळतो. म्हणून वायरीत बसणारा छोटा वॅटमीटर घ्यावा, जो किती अँपिअर-तास खर्च झाले ते मोजत जातो.

छापील अँपिअर-तासांवर भरवसा ठेवणे

खान्देशात अनेक शेतकऱ्यांच्या घरी फवारणी पंपाची बॅटरी असते, आणि ती मागून आणणे सर्वांत सोपे वाटते. १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची ही शिशाची बॅटरी असेल, तर ८ हा आकडा ती २० तासांत हळूहळू रिकामी केली तरच खरा असतो, म्हणजे फक्त ०.४ अँपिअरच्या करंटने. तिच्याकडून २० अँपिअर मागितले तर काही मिनिटांतच ती मान टाकते. शिवाय शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करत राहिल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून हिशेबात तिची निम्मीच क्षमता धरावी. फवारणीचा हंगाम संपल्यापासून ती चार्ज न करता कोठीत पडून असेल, तर निम्मीही धरू नये. रिकाम्या अवस्थेत पडून राहिलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेट घट्ट बसते आणि चार्जरला लावल्यावर ती भरल्यासारखी फक्त दिसते.

तरीही ही बॅटरी सर्वस्वी निरुपयोगी नाही. यासूचा एफटी-८१७ किंवा ८१८ यांसारखा ५ ते ६ वॅटचा संच ८ ते १६ व्होल्टपर्यंत चालतो आणि प्रक्षेपण करतानाही २ अँपिअरच्या आसपासच घेतो. अशा संचाला फवारणी पंपाची सुस्थितीतली बॅटरी सकाळचा बैठा कार्यक्रम पार पडेपर्यंत आरामात पुरते. निवड संचाच्या भुकेप्रमाणे करावी, एवढेच.

हिशेब कसा मांडावा याचे उदाहरण देतो. १०० वॅटचा संच ऐकताना साधारण १ अँपिअर घेतो. एसएसबीवर (आवाज पाठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत) बोलताना करंट आवाजाबरोबर चढतो-उतरतो, त्याची सरासरी १० अँपिअर धरू. वेळेच्या पाचव्या हिश्श्यात आपण बोलतो असे मानले, तर सरासरी खर्च २.८ अँपिअर येतो आणि सहा तासांना सुमारे १७ अँपिअर-तास लागतात. २० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी यात कशीबशी बसते. शिशाची घ्यायची तर ३५ ते ४० ची लागेल आणि तिचे वजन दहा किलोंच्या पुढे जाईल. एफटी८ ही संगणकाने छोटे संदेश पाठवण्याची पद्धत वापरणाऱ्यांनी मात्र हा हिशेब जसाच्या तसा उचलू नये. त्या पद्धतीत आपल्या पाळीच्या प्रत्येक १५ सेकंदांच्या फेरीत १२.६४ सेकंद अखंड प्रक्षेपण असते, त्यामुळे करंट सरासरीने नव्हे तर सलग वाहतो, आणि संचही तापतो.

बॅटरी वाढवण्याआधी शक्ती कमी करून पाहावी. १०० वॅटवरून २५ वर आल्यास फरक ६ डेसिबलचा, म्हणजे पलीकडच्या संचावर सिग्नलचे बळ दाखवणाऱ्या एस-मीटरवर एका एस-युनिटचा पडतो. सिग्नल जोरकस असेल तर ऐकणाऱ्याला तो क्वचितच जाणवतो. करंट चौपट घटत नाही, साधारण निम्म्यावर येतो; पण डोंगरावर तेवढी बचतही मोठी असते.

ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या पॅकबाबत एक साधी कसोटी आहे : त्याचे वजन करावे. २० अँपिअर-तासांची खरी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी साधारण अडीच किलोंच्या घरात भरते. किराणा दुकानाच्या काट्यावर ती सव्वा किलो भरली, तर आतला माल छापलेल्या आकड्याएवढा असूच शकत नाही.

वायर, जोड आणि फ्यूज यांना किरकोळ समजणे

उत्तम बॅटरी घेऊन तिला घरात उरलेली दीडची वायर जोडणे ही मला सर्वांत जास्त खटकणारी चूक आहे, कारण तिच्यात पैसा खर्चूनही फळ मिळत नाही. दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला १२.१ ओहम असतो. बॅटरी संचापासून तीन मीटरवर ठेवली, तर करंटला जाऊन-येऊन सहा मीटर चालावे लागते. २० अँपिअरला त्यात जवळपास दीड व्होल्ट गळतो. बॅटरीवर १३ व्होल्ट असताना संचाला साडेअकराच मिळतात, म्हणजे हद्दीच्या खाली. तीच वायर चारची घेतली तर गळती अर्ध्या व्होल्टच्या जवळ येते, सहाची घेतली तर त्याहून कमी. आणि बॅटरी संचाशेजारी आणून वायर एक मीटरची केली, तर प्रश्नच मिटतो.

क्रोकोडाइल क्लिपवर १०० वॅटचा संच चालवू नये. ट्रॅक्टरच्या बॅटरीला क्लिप लावून काम भागवण्याचा मोह होतो, पण तिचे दात एका बिंदूवर टेकतात, तिथे उष्णता होते आणि धक्का लागून उलटसुलट जोडले जाण्याची भीती राहते. क्रिम्प केलेले (वायरीवर दाबून बसवलेले) लग किंवा अँडरसन पॉवरपोल हे घट्ट बसणारे जोड वापरावेत. फ्यूज बॅटरीच्या धन टोकाजवळ, वीतभर अंतराच्या आत असावा. तो संचापेक्षा वायरीच्या रक्षणासाठी असतो. संचाजवळ लावलेला फ्यूज वाटेत चिरडलेल्या वायरीला वाचवू शकत नाही, आणि लिथियम बॅटरीचा शॉर्ट सर्किट वाळलेल्या गवतात काय करू शकतो, हे सांगायला नको.

खान्देशचे ऊन हिशेबात न धरणे

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो, तोही सावलीत. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ६० अंशांपर्यंत वापरता येते, पण चार्ज करण्याची मर्यादा बहुतेक उत्पादक ४५ अंशच देतात. म्हणजे भर दुपारी काळ्या खडकावर ठेवलेली बॅटरी सोलरने भरू पाहिली, तर चांगले बीएमएस चार्जिंग बंद करते आणि चालकाला वाटते की पॅनेल खराब झाले. स्वस्त बीएमएसमध्ये तापमानाचा सेन्सरच नसतो. तिथे काहीच बंद पडत नाही, मात्र सेल आतून झिजत जातात. शिशाच्या बॅटरीलाही उन्हात कमी व्होल्टने भरावे लागते. साधारण २५ अंशांच्या वर दर अंशाला १८ मिलिव्होल्ट कमी. ४५ अंशांवर हा फरक तिसरा हिस्सा व्होल्टहून अधिक होतो.

यावर उपाय असा, की बॅटरी सकाळी दहाच्या आत भरून घ्यावी, दुपारी ती झाडाखाली घडी घातलेल्या पोत्यावर ठेवावी, आणि बंद गाडीच्या डिकीत कधीही सोडू नये. पॅनेल उन्हात आणि बॅटरी सावलीत हवी असल्याने लांब वायर लागते. ती पॅनेल आणि चार्ज कंट्रोलर (बॅटरीचे चार्जिंग काबूत ठेवणारे उपकरण) यांच्यामध्ये टाकावी, कारण तिथे १०० वॅटच्या पॅनेललाही ५ ते ६ अँपिअरच वाहतात. कंट्रोलर मात्र बॅटरीला चिकटून असावा.

पॅनेलही उन्हाने थकते. त्याचा पृष्ठभाग ७० अंशांपर्यंत तापला, तर शक्ती १६ ते १८ टक्के घटते आणि १८ व्होल्टचे पॅनेल १५ च्या आसपास उतरते. साध्या, स्वस्त पीडब्ल्यूएम प्रकारच्या कंट्रोलरने मग १४.४ व्होल्ट गाठणे जेमतेमच जमते. पॅनेल खडकावर सपाट न ठेवता खालून वारा खेळेल असे टेकवावे. कंट्रोलरशिवाय पॅनेल थेट बॅटरीला किंवा संचाला जोडू नये. मोकळ्या पॅनेलचा व्होल्टेज २२ पर्यंत असतो.

वीज मिळाली, पण बँडवर खरखर आली

एमपीपीटी (पॅनेलमधून जास्तीत जास्त शक्ती काढणारा) कंट्रोलर, पोर्टेबल पॉवर स्टेशनचा इन्व्हर्टर, लॅपटॉपचा चार्जर, एलईडी दिवा, या साऱ्यांत वेगाने चालू-बंद होणारी सर्किटे असतात आणि त्यांचा गोंगाट ४० मीटर बँडवर दुबळे संदेश गिळून टाकतो. शहराचा गोंगाट टाळण्यासाठी डोंगर चढायचा आणि तोच गोंगाट पिशवीतून वर न्यायचा, यात काही अर्थ नाही. संच फक्त बॅटरीवर चालवून आवाज ऐकावा, मग एकेक उपकरण जोडत जावे. ज्याने एस-मीटरचा काटा चढवला तो दोषी. त्याच्या वायरीला फेराइट रिंगमध्ये वेढे द्यावेत, किंवा संपर्काच्या वेळेपुरते त्याला सोडवून ठेवावे.

पॉवर स्टेशनच्या एसी सॉकेटवर संचाचा पॉवर सप्लाय लावणेही टाळावे. वीज दोनदा रूपांतरित होऊन वाया जाते. त्याचे १२ व्होल्टचे आउटपुट बहुधा १० अँपिअरपर्यंतच असते. जीपच्या सिगारेट लायटर सॉकेटचेही तसेच.

वर गेल्यावर संच बंद पडला, तर

मल्टीमीटर सोबत असावा. संचाला डमी लोड (अँटेनाऐवजी जोडायचा, शक्ती जिरवणारा रोध) जोडून प्रक्षेपण सुरू करावे आणि त्याच्या सॉकेटवर मोजावे; समजा ११.२ आले. त्याच स्थितीत बॅटरीच्या टोकांवर १२.९ असतील, तर १.७ व्होल्ट वाटेत गळत आहेत : एकेक जोड आणि फ्यूजधारक हाताने चाचपावा, जो गरम लागेल तिथे दोष आहे. बॅटरीच्या टोकांवरही ११.२ च असतील, तर बॅटरी संपली आहे किंवा लहान पडते आहे. टोकांवर शून्य दिसत असेल, तर बीएमएसने पुरवठा तोडला आहे. भार काढून थोडे थांबावे, तरी उठली नाही तर चार्जर क्षणभर जोडावा. डमी लोडवर सर्व ठीक चालते आणि अँटेनावरच संच गडबडतो, असे असेल तर वीज निर्दोष आहे. रेडिओ लहरी पुरवठ्याच्या वायरींत शिरत आहेत. अँटेनाच्या कोअॅक्स केबलला संचाजवळ फेराइटवर वेढे द्यावेत आणि अँटेनाचे टोक बॅटरीपासून दूर न्यावे.