पाकीट परत करू नका

कारखान्यात नोकरी आणि चर्चच्या मंडळीत पाळकाची सेवा, दोन्ही एकदम करू बघणारी पोरं हल्ली भेटायला येतात. पहिला प्रश्न ठरलेला, "रविवारचं कसं जमवलंत?" पैशाचं कुणी विचारत नाही. मी ठेचकाळलो तो मात्र तिथेच.

रविवारचं आधी उरकतो. भोसरी-पिंपरीकडे कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. म्हणजे सगळे उपासनेला निघतात तेव्हा तुमचं पंचिंग. मी टूलरूममध्ये, सरफेस ग्राइंडरवर. 20 दिवस भरले की एक दिवस हक्काची रजा, या हिशेबात वर्षाचे 52 रविवार बसत नाहीत. तेव्हा रजेवर भिस्त नको, पाळी बदलून घ्या. रविवारी सेकंड शिफ्ट मिळाली की सकाळची उपासना आटोपायची आणि डबा घेऊन साडेतीनला गेटवर. माझ्याशी पाळी बदलणारा गडी पक्का वारकरी. आषाढी वारीला पालख्या निघाल्या की त्याचे दिवस मी भरायचे, असा आमचा करार होता. सुपरवायझरलासुद्धा तो पाठ झालेला. मशिनपाशी मी कधी धर्मप्रचाराच्या पत्रिका वाटल्या नाहीत, तुम्हीही वाटू नका. कंपनी पगार देते तो जॉब काढायचा. ज्याला बोलायचं असतं तो कँटीनमध्ये ताट घेऊन आपणहून शेजारी बसतो.

घरच्यांची मात्र परवड होते. मुलांना सुट्टी रविवारी, तेव्हा मी चर्चमध्ये आणि नंतर कामावर. मला सुट्टी गुरुवारी, तेव्हा मुलं शाळेत. यावर मला उपाय सापडला नाही.

शिक्षणाचं म्हणाल तर सेरामपूरचा बीसीएस, म्हणजे ख्रिस्ती अभ्यासाची पदवी, नोकरी सांभाळून बाहेरून करता येतो. वेळ लागतो, लागू द्या. चार महिन्यांत घरपोच डॉक्टरेट देणारे खूप झालेत, नावापुढे 'डॉ.' लागतं, पण मयताच्या घरी गेल्यावर तोंडातून शब्द फुटत नाही. गुरूही व्यासपीठ गाजवणारा धरू नका. सरकारी दवाखान्याच्या जनरल वॉर्डातल्या आया ज्याला नावानं ओळखतात, असा एखादा जुना पाळक शोधा. आणि पाळक म्हणून दीक्षा होण्याआधी कुणी लग्न लावायला बोलावलं तर सरळ नाही म्हणा. 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात अधिकार नसताना लग्न लावणाऱ्याला 10 वर्षांपर्यंत कैद आहे. घाबरायचं कारण नाही, फक्त 'आपलीच माणसं आहेत' म्हणून उभे राहू नका.

आता पाकिटाचं.

दीक्षेनंतरच्या पहिल्याच महिन्यात खजिनदारांनी वेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या पाळकाच्या खोलीत, पांढरं पाकीट पुढे केलं. आत 1,500 रुपये. मी ते दोन्ही हातांनी परत दिलं. म्हटलं, "मला कंपनीचा पगार आहे, मंडळीवर भार नको." पुढच्या रविवारी हे सूचनांमध्ये जाहीर झालं, टाळ्या पडल्या. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. बायबलातला प्रेषित पौल करिंथात अक्विला-प्रिस्किल्ला या जोडप्याबरोबर राहुट्या करायचा, आपण डाय घासतो, असं मनातल्या मनात जुळवूनही टाकलं.

हे अकरा वर्षं चाललं. विजेचं बिल थकलं, मी भरलं. पेटीचा भाता फाटला, मी करून आणला. मंडळीत निम्मी घरं माझ्यासारखीच पगारदार, तरी थैलीत पडणारी दहाची नोट अकरा वर्षं दहाचीच राहिली. माणसं कंजूष नव्हती हो. कुणाच्या घरी आजारपण निघालं तर तीच माणसं रातोरात पैसे गोळा करायची. पण पाळकाला काही द्यावं लागतं हे ती विसरून गेली, आणि विसरायला मीच लावलं.

मग माझी दुसऱ्या मंडळीत बदली झाली आणि माझ्या जागी पूर्ण वेळेचा तरुण पाळक आला. बायको, दोन लहान मुलं. चार्ज द्यायला म्हणून मी पंच कमिटीत बसलो होतो. मानधनाचा विषय निघताच एक वडीलजन म्हणाले, "आधीच्या पाळकसाहेबांनी कधी एक पैसा घेतला नाही." सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकानं बघितलं. तो पोरगा मान खाली घालून टेबलावरचं ऑइलक्लॉथ नखानं खरवडत होता.

चौदा महिन्यांनी तो सेवा सोडून गेला. हल्ली एका पतसंस्थेत वसुलीला आहे म्हणतात. नंबर आहे माझ्याकडे, अजून लावलेला नाही.

पौल मी अर्धाच वाचला होता. सुवार्ता सांगणाऱ्याची उपजीविका सुवार्तेवर व्हावी, हे '1 करिंथ' या पत्राच्या नवव्या अध्यायात तोच ठणकावून सांगतो. फिलिप्पैच्या मंडळीनं पाठवलेली मदत त्यानं घेतली. आणि 2 करिंथ 12:13 उघडा: मी तुम्हाला भार झालो नाही, एवढ्या अन्यायाची मला क्षमा करा, असं म्हणतो. तो टोमणा आहे असं जाणकार सांगतात. असेल. मला मात्र ते वाक्य टोमणा म्हणून वाचता येत नाही.

इंग्लंडहून आलेला मिशनरी विल्यम कॅरी 1794 पासून बंगालमध्ये मुदनाबाटीच्या निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापक होता. त्यानंही इंग्लंडला कळवलं होतं की मला आता तुमचे पैसे नकोत, ते छपाईला द्या. त्याला पाठवणाऱ्या मिशन सोसायटीनं शाबासकी द्यायची सोडून, धंद्यात फार गुंतू नका, अशी ताकीद धाडली! पुढे फोर्ट विल्यम कॉलेजात तो मराठीही शिकवायचा. तो पगार मोठा, पण सेरामपूरला सगळ्यांचा पैसा एका सामाईक फंडात जायचा आणि घरखर्चाला लागेल तेवढं त्यातून मिळायचं. 1811 चा मराठी नवा करार सेरामपूरच्याच छापखान्यातला. त्याग तोही करत होता, पण वहीत नोंद करून. माझी कुठे नोंदच नव्हती.

म्हणून सांगतो, पाकीट घ्या. रक्कम 500 असली तरी घ्या, व्हाउचरवर सही करा, आयकराच्या विवरणात दाखवा. ठेवायचं नसेल तर पुढच्या रविवारी दान म्हणून टाका आणि रीतसर पावती मागा. वार्षिक अंदाजपत्रकात 'पाळक मानधन' हे खातं कोरं जाता कामा नये. तुमच्यानंतर येणाऱ्या माणसाची चूल त्यावर पेटायची आहे. लोक बोलतील, दोन्हीकडून खातो म्हणतील. मला एकानं तोंडावर ऐकवलं. त्याला दानाची पावती दाखवली, तर तो ओशाळला आणि चहा पाजून गेला. एवढं मनाला लावून घेण्यासारखं त्यात काही नाही.

आताची मंडळी लहान आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन झालं की खजिनदार वेस्ट्रीत येतात आणि पेनाचं टोपण काढून पेन माझ्या हातात देतात. मी सही करतो. हात अजून अवघडतो.