रेल्वे टक्कर, चौकशी आणि क्रूची झोप: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

रेल्वे अपघातांच्या चौकशीच्या कामात यायचंय असं म्हणणारी पोरंपोरी भेटली की पहिला प्रश्न परीक्षा कुठली द्यायची हाच असतो, तर ते आधी उरकून टाकतो. आपल्याकडे यात सहसा थेट भरती होत नाही. आधी ऑपरेटिंग, लोको, सिग्नल, इंजिनिअरिंग असं कुठंतरी काही वर्षं घासावं लागतं आणि मग सेफ्टी ब्रँचला काउन्सेलर (कर्मचाऱ्यांना सुरक्षेचं मार्गदर्शन करणारा) म्हणून, किंवा अधिकारी असाल तर चौकशी समितीवर नंबर लागतो. प्रवासी गाडीच्या मोठ्या अपघातात जीव गेले की चौकशी कमिशनर ऑफ रेल्वे सेफ्टीकडे जाते. हे ऑफिस नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली आहे, मुख्यालय लखनौला, आणि रेल्वे मंत्रालयापासून ते वेगळं ठेवलंय हे फार बरं आहे. सायकॉलॉजी शिकलेल्यांनी लखनौच्याच आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन संस्थेतल्या सायको-टेक्निकल विभागाची माहिती काढावी, लोको पायलटच्या, म्हणजे गाडी चालवणाऱ्याच्या, ॲप्टिट्यूड टेस्ट तिथून ठरतात.

आता मला खरं जे सांगायचंय ते. टक्कर झाली की साइटवर प्रत्येक डिपार्टमेंटचे सुपरवायझर पोचतात आणि जॉइंट नोट, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायची नोंद, लिहायला बसतात. ट्रॅकवाला गेज, म्हणजे रुळांमधलं अंतर, मोजतो, सिग्नलवाला डेटा लॉगर (सिग्नलच्या नोंदी ठेवणारं यंत्र) काढतो, लोकोवाला स्पीड रेकॉर्ड आणि ब्रेक पॉवर बघतो, क्रूची, म्हणजे पायलट आणि असिस्टंटची, ब्रेथ ॲनालायझर टेस्ट होते, आणि मग नोटवर सह्या करताना भांडणं सुरू, कारण ज्याच्या माथी कारण बसणार त्याचं डिपार्टमेंट अडकणार. हे सगळं मोजमाप गरजेचंच आहे, पण या सगळ्या गडबडीत क्रू मागच्या तीन दिवसांत कधी आणि कुठं झोपला होता हे विचारायचं कोणाच्या लक्षातच राहत नाही, आणि दोन दिवसांनी विचारलं तर ती माहिती गेलेली असते. दारूची टेस्ट आहे, थकव्याची टेस्ट नाही. रुळाला तडा गेला तर तो महिन्याने पण दिसेल, झोपेचं तसं नाही, ती फक्त माणसाच्या आठवणीत असते आणि आठवण वकील, युनियन, नातेवाईक भेटले की बदलायला लागते. म्हणून जखमी क्रू बोलण्याच्या स्थितीत असेल तर डॉक्टरांना विचारून पहिल्याच दिवशी ७२ तासांचा हिशोब घ्या.

तो घ्यायचा कसा हे पण शिकण्यासारखं आहे. 'झोप झाली होती का?' असं विचारलं की उत्तर ठरलेलं, 'हो साहेब, फुल रेस्ट होती.' नाही म्हटलं तर नोकरी जाईल ही भीती असते आणि ती खोटी नाही, लाल सिग्नल ओलांडला की आपल्याकडे कारवाई कडक होते. त्यापेक्षा साधं विचारा, परवा ड्युटी सुटल्यावर घरी कसे गेलात, जेवलात कधी, दुपारी घरात कोण होतं, ड्युटीचा कॉल आला तेव्हा झोपेत होतात की जागे. माणूस दिवस सांगत जातो आणि झोपेचे तास आपोआप कागदावर येतात. पायलट गेला असेल तर घरच्यांशी बोलायला लागतं, हे सगळ्यात जड काम आहे, पण 'रात्री घोरायचे का, मध्येच श्वास अडकल्यासारखं व्हायचं का' हा प्रश्न हळुवारपणे विचारायलाच पाहिजे. अमेरिकेत मिशिगनमधल्या क्लार्क्स्टनला १५ नोव्हेंबर २००१ ला दोन मालगाड्यांची टक्कर होऊन दोघं गेले, तिथे एनटीएसबी या तिथल्या अपघात चौकशी संस्थेला इंजिनिअर (तिकडे गाडी चालवणारा) आणि कंडक्टर (गाडीचा प्रमुख) दोघांनाही स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा आजार, असल्याचं आढळलं, एकावर उपचार नव्हते आणि दुसऱ्याचे पुरेसे नव्हते. नुसता रोस्टर (ड्युटी आणि रेस्टचा तक्ता) बघून चौकशी संपवली असती तर हे कधीच कळलं नसतं.

रोस्टर बघायचाच आहे, पण तो वाचायला शिकावं लागतं. नव्या माणसाला सीएमएसचा (क्रूच्या ड्युटीची नोंद ठेवणारी कॉम्प्युटर प्रणाली) प्रिंटआउट दाखवला की तो म्हणतो, रेस्ट दिलेली दिसतेय, नियमात आहे, विषय संपला. जरा थांबा. नियमाप्रमाणे आठ तास किंवा जास्त ड्युटी झाली की बाहेरगावी आठ तास रेस्ट. आता धरा, पायलट रात्रभर मालगाडी चालवून सकाळी ११ ला साइन ऑफ झाला. लॉबीतून (जिथं क्रू ड्युटीवर हजर होतो आणि सुटतो) रनिंग रूमला, म्हणजे क्रूच्या विश्रांतीच्या जागी, जाऊन आंघोळ करून जेवण मिळेपर्यंत साडेबारा. रेस्ट संपणार ७ ला, पण कॉल त्याच्या दोनेक तास आधी, म्हणजे ५ ला दारावर टकटक. उरले साडेचार तास, ते पण भर दुपारी, मे महिन्यात भुसावळला ४३-४४ डिग्री, बाजूच्या बेडवरचा वेगळ्या टायमाला उठतोय, खिडकीखाली यार्डाचं शंटिंग. आपलं शरीर दिवसा नीट झोपतच नाही. कागदावर आठ, अंगाला कदाचित साडेतीन. नियम मोडला नाही आणि माणूस थकलेला आहे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, आणि माझ्या मते चौकशी शिकायची म्हणजे मुख्यतः हे पचवायचं. म्हणून रनिंग रूममध्ये स्वतः जाऊन त्याच वेळेला त्याच खोलीत थोडा वेळ बसून या. मी जिथं जिथं जाऊ शकलो तिथं हे केलंय आणि दर वेळी रिपोर्टमध्ये लिहिण्यासारखं काहीतरी मिळालंय, कुठं कूलर बंद, कुठं दरवाजाला कडी नाही म्हणून येणारा जाणारा उघडून बघतो.

कॅनडाच्या टीएसबी या अपघात चौकशी संस्थेची थकवा तपासायची पद्धत चांगली आहे, पाठच करून टाका. ते सहा गोष्टी बघतात: नुकतीच झोपमोड झाली का, बरेच दिवस झोप कमी पडतेय का, सलग किती वेळ जागा होता, शरीराच्या घड्याळाप्रमाणे वेळ कुठली होती, झोपेचा आजार, आणि इतर आजार किंवा औषधं. हे झाल्यावर दुसरा प्रश्न, थकवा होता हे मान्य पण त्याने घडलेली चूक झाली का? ही दुसरी पायरी बरेच जण गाळतात. सलग १७ तास जागा राहिलेल्या माणसाचं काम रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्यासारखं होतं हे १९९७ पासून माहीत आहे, पण म्हणून प्रत्येक थकलेला माणूस सिग्नल चुकवतोच असं नाही. त्याने शेवटचा नॉच (इंजिनाची ताकद कमीजास्त करायचा टप्पा) कधी बदलला, हॉर्न कुठं वाजवला, ब्रेक लावला का, हे जोडून दाखवावं लागतं.

एकच केस खोलात वाचायची असेल तर कॅनडातली हिंटनची टक्कर घ्या. ८ फेब्रुवारी १९८६ ची सकाळ, आल्बर्टा प्रांत. सीएन या रेल्वे कंपनीची मालगाडी, शंभराच्या वर डबे, डबल लाईन जिथं संपते तिथला लाल सिग्नल ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास वेगाने ओलांडून सिंगल लाईनवर घुसली आणि समोरून येणाऱ्या व्हाया रेलच्या प्रवासी गाडीवर आदळली. २३ जीव गेले. न्यायमूर्ती रेने फॉइसींच्या आयोगाने महिनोन्महिने सुनावण्या घेतल्या. क्रूची आदल्या रात्रीची झोप अपुरी होती. पुढच्या इंजिनात फक्त डेड मॅन पेडल होतं, पायाने दाबून ठेवायचं, त्यावर वजन ठेवून पाय मोकळा करायची सवय त्या काळी सर्रास होती. थोड्या थोड्या वेळाने प्रतिसाद मागणारं चांगलं यंत्र दुसऱ्या इंजिनात होतं, पण ते पुढे लावलं नाही कारण त्यात आरामाची कॅब नव्हती. क्रू बदलताना गाडी थांबवायची पण पद्धत नव्हती, हळू चालत्या गाडीत चढायचे. शेवटच्या डब्यात बसलेल्या कंडक्टरकडे इमर्जन्सी ब्रेक होता, तो लागला नाही. आणि इंजिनिअरला मधुमेहासकट इतके आजार होते की तो झोपला की त्याला ॲटॅक आला हे शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. आयोगाने तसंच लिहिलं, एका माणसावर खापर फोडलं नाही, आणि कामाच्या त्या सगळ्या संस्कृतीवर बोट ठेवलं. मला हा रिपोर्ट यासाठी आवडतो की कारण पक्कं न सांगता पण काय सुधारायचं ते पक्कं सांगता येतं हे त्यात दिसतं.

आपल्या इंजिनांत आता व्हीसीडी, म्हणजे पायलट सावध आहे का बघणारं यंत्र, असतं, साधारण ६० सेकंद पायलटने काहीच केलं नाही तर दिवा, मग बझर, तरीही काही नाही तर ब्रेक आपोआप. चांगली गोष्ट आहे पण त्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका, अर्धवट झोपेत हात आपसूक बटणावर जातो हे बऱ्याच देशांच्या रिपोर्टमध्ये येतं. रेकॉर्डमध्ये बटण दाबल्याच्या वेळा मिळाल्या तर ते बझर होईपर्यंत थांबणं वाढत गेलंय का ते बघा.

आपल्याकडची ताजी केस म्हणजे २ जून २०२४, पंजाबात सरहिंदजवळ पहाटे, उभ्या मालगाडीला मागून दुसरी मालगाडी धडकली, इंजिन उलटून बाजूने जाणाऱ्या प्रवासी गाडीला लागलं. पायलट आणि असिस्टंट दोघांनी डुलकी लागल्याचं सांगितल्याच्या बातम्या आल्या. बऱ्याच लोकांनी तिथंच वाचणं थांबवलं. पहाटे तीन ते पाच ही शरीराची सगळ्यात वाईट वेळ, दोघंही एकदम झोपतात म्हणजे दोघांचाही आधीचा आठवडा बघायला हवा, सलग रात्री किती, मध्ये घरची झोप किती. आणि थकवा फक्त कॅबमध्येच शोधू नका, लंडनच्या क्लॅपम जंक्शनला १२ डिसेंबर १९८८ ला ३५ लोक गेले ते सिग्नलच्या वायरिंगमुळे, आणि ते काम करणाऱ्या टेक्निशियनला आधीच्या तेरा आठवड्यांत एकच दिवस सुट्टी मिळाली होती.

शिफारसी लिहिताना 'क्रूचं समुपदेशन करावं' एवढंच लिहून फाईल बंद करायची सवय लावून घेऊ नका. लॉबीचं नाव घ्या, कुठल्या लिंकमध्ये (ड्युट्यांच्या ठरलेल्या क्रमात) किती रात्री सलग लागतात ते लिहा, रेस्ट कॉलच्या वेळेपर्यंतच मोजावी असं लिहा, ॲप्नियाची तपासणी पिरियॉडिकल मेडिकलमध्ये घालावी असं लिहा, आणि सहा महिन्यांनी त्याच लॉबीत परत जाऊन त्यातलं काय झालं ते सीएमएसवर स्वतः तपासा, कोणी सांगितलं नसलं तरी.