रविवारचा ब्रिटिश रोस्ट: हॉटेलच्या ब्रासरीत नीट जेवायचं कसं

ब्रिटनमधल्या अनेक चांगल्या हॉटेलांत ब्रासरी, म्हणजे अनौपचारिक रेस्टॉरंट, असते आणि तिथे मुक्काम नसला तरी जेवता येतं. सूटबूट लागत नाही. नीटनेटके कपडे पुरतात. रविवारी दुपारी मिळणारा रोस्ट, म्हणजे भट्टीत भाजलेलं मांस, सोबत बटाटे, भाज्या आणि ग्रेव्ही, हे त्या देशाचं खरं सणासुदीसारखं जेवण. मराठी पाहुणा तिथे फसतो तो बहुधा चरबीपायी, कारण ती दिसत नाही आणि मेन्यूवर लिहिलेलीही नसते.

टेबल आधी धरा. रोस्ट साधारण १२ ते ४ या वेळेत वाढतात. १२:३० किंवा १ ची वेळ मागा. मांसाचा मोठा तुकडा सकाळी भट्टीत जातो, कापण्याआधी थोडा वेळ मुरतो आणि पहिल्या तासाभरात सगळ्यात रसदार असतो. तीननंतर बटाटे मऊ पडतात, यॉर्कशर पुडिंग (गोड नव्हे, पिठाची फुगलेली वाटी) चामट होतं आणि पोर्कची कुरकुरीत साल, म्हणजे क्रॅकलिंग, संपलेली असू शकते. बुकिंगला कधीकधी कार्डाचा नंबर घेतात. न कळवता गेला नाहीत तर माणशी दंड कापला जाऊ शकतो, तेव्हा रद्द करण्याची मुदत वाचून ठेवा.

खाण्याबद्दलची चौकशीही तेव्हाच उरका. टेबलावर बसल्यावर विचारलंत तर उत्तर खरं मिळेल, पण बटाटे तोवर भाजून झालेले असतात. पहिला प्रश्न बटाट्यांचाच: ते बीफ ड्रिपिंगमध्ये, म्हणजे बीफच्या वितळलेल्या चरबीत, भाजतात, हंसाच्या किंवा बदकाच्या चरबीत, की तेलात? दुसरा ग्रेव्हीचा, म्हणजे मांसाच्या रसाच्या पातळ सॉसचा. तुम्ही लॅम्ब किंवा चिकन मागवलंत तरी सगळ्या ताटांवर एकच ग्रेव्ही पडू शकते आणि ती बीफच्या हाडांच्या स्टॉकची, म्हणजे हाडं उकळून काढलेल्या पाण्याची, असू शकते. बीफ न खाणाऱ्यांनी हे विचारल्याशिवाय ऑर्डर देऊच नये. तिसरा यॉर्कशर पुडिंगचा. मैदा, अंडी आणि दुधाचं हे पीठ धूर येईपर्यंत तापलेल्या चरबीत ओततात, म्हणून ते फुगतं. ती चरबी परंपरेने बीफचीच. स्टफिंगमध्ये, म्हणजे रोस्टसोबतच्या मसालेदार सारणात, बरेचदा पोर्कचं सॉसेज मीट असतं. लाल कोबीत कधी बेकन (खारवलेलं पोर्क) असतं, आणि भाज्यांच्या सूपमध्येही चिकन स्टॉक सापडतो.

मेन्यूवरचं 'व्ही' म्हणजे शाकाहारी, पण ब्रिटिश शाकाहारात अंडं चालतं. अंडं नको असेल तर वीगन खूण असलेलं घ्या, किंवा स्पष्ट सांगा. शाकाहाऱ्यांसाठी नट रोस्ट असतो: सुकामेवा, डाळी आणि भाज्या वडीसारख्या थापून भाजलेल्या. त्याच्यासोबत शाकाहारी ग्रेव्ही वेगळी मागावी लागते. ॲलर्जी असेल तर निःसंकोच विचारा. कायद्याने १४ ॲलर्जनची, म्हणजे ॲलर्जी होऊ शकणाऱ्या पदार्थांची, माहिती देणं त्यांना बंधनकारक आहे.

आता ताट. बीफ गुलाबी वाढतात. पूर्ण शिजलेलं हवं असेल तर तुकड्याच्या टोकाकडचे काप मागा. तिथे उष्णता जास्त लागलेली असते. जोड्या ठरलेल्या आहेत आणि त्या मोडू नयेत असं आमचं ठाम मत: बीफला हॉर्सरॅडिश (एका तिखट मुळाचा सॉस), लॅम्बला मिंट सॉस, पोर्कला ॲपल सॉस, चिकनला ब्रेड सॉस (दुधात शिजवलेल्या पावाचा). मिंट सॉस म्हणजे पुदिना, व्हिनेगर आणि साखर, मिरची नाही. हॉर्सरॅडिश आणि इंग्लिश मस्टर्ड मात्र नाकात झणझणतात, तेव्हा सुरीच्या टोकावर येईल एवढंच घ्या. ग्रेव्ही आधी पुडिंगच्या खळग्यात आणि मांसावर ओता. बटाट्यांवर ओतलीत तर त्यांचा कुरकुरीतपणा दोन मिनिटांत जातो. कमी पडली तर आणखी मागायला लाजू नका.

पाव हाताने मोडा आणि प्रत्येक तुकड्याला वेगळं लोणी लावा. पावाची बशी तुमच्या डावीकडची. शेजाऱ्याची उचलण्याची चूक हमखास होते. जेवण झालं की सुरी-काटा ताटात शेजारी शेजारी, मुठी तुमच्याकडे करून ठेवा. दोन्ही फाकवून ठेवलेत तर वेटर ताट उचलणार नाही.

गोडात स्टिकी टॉफी पुडिंग निवडा: खजुराचा ओलसर केक आणि गरम टॉफी सॉस, अंडं चालत असेल तर याला तोड नाही. वाफवलेल्या पुडिंगांत, उदाहरणार्थ मनुका घातलेल्या स्पॉटेड डिकमध्ये, सुएट म्हणजे गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी असू शकते. ट्रायफल, म्हणजे केक, जेली, कस्टर्ड आणि क्रीमचे थर, यातल्या जेलीत प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासूनचं जिलेटिन असतं. ॲपल क्रंबल (सफरचंदांवर मैदा-लोण्याचा कुरकुरीत थर) बहुधा बिनअंड्याचं, पण वरचं ताजं कस्टर्ड अंड्याच्या बलकाचं. ॲल्फ्रेड बर्ड यांनी १८३७ मध्ये पत्नीला अंड्याची ॲलर्जी म्हणून बनवलेली कस्टर्ड पावडर बिनअंड्याची आहे, पण चांगल्या ब्रासरीत ती क्वचित वापरतात.

पाणी विचारलं तर 'टॅप वॉटर' म्हणा. नाहीतर बाटली येते आणि तिचे पैसे लागतात. मेन्यूतल्या किमतीत कर धरलेलाच असतो. बिलात १० ते १२.५ टक्के सेवाशुल्क जोडलेलं आहे का ते पाहा: असेल तर वेगळी टिप देऊ नका, आणि सेवा वाईट असेल तर ते काढायला सांगता येतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये ही रक्कम मालकाला ठेवता येत नाही, कर्मचाऱ्यांनाच द्यावी लागते. मुक्काम त्याच हॉटेलात असेल तर बिल खोलीच्या खात्यावर टाकता येतं, पण सही करण्याआधी सेवाशुल्काची ओळ तपासा.