कोंबडी अंडी देत नाहीये? आधी हे बघा
तलंग (अजून अंडं न घातलेली तरुण कोंबडी) पाच महिन्यांची झाली तरी अंडं नाही म्हणून घाबरू नका, गावरान जात सहा-सात महिने घेतेच. तुरा लालभडक झाला आणि पाठीवर हात ठेवल्यावर दबून बसली की समजा आता जवळ आलंय.

अंडी देणारी कोंबडी मध्येच थांबली तर आधी गवतात, लाकडांमागे शोधा, बऱ्याचदा लपवून घालतात. खुडूक असेल (म्हणजे अंडी उबवायला बसून राहत असेल) आणि पिल्लं नको असतील तर खालची अंडी रोज काढा. पिसं झडत असतील तर दोनेक महिने थांबावंच लागतं, बिचारीला त्रास देऊ नका. थंडीत दिवस लहान होतो, तिला साधारण 14 तास उजेड हवा. आणि नुसत्या कणीवर भागत नाही हो, 16 टक्के प्रोटीनचं लेयर फीड (अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य) द्या, शिंपल्यांचा चुरा वेगळा ठेवा.