अंगणातील डास आणि सापळे : या चुका टाळा

पहिला पाऊस पडून पंधरवडा उलटला की पुण्यातील बंगल्यांच्या आवारात संध्याकाळी खुर्ची टाकून बसणे अवघड होते. मग घरात डासांचा सापळा येतो, तो पारिजातकाखाली टांगला जातो, चार दिवस घरातील सगळे जण त्यात डोकावून मेलेले किडे मोजतात आणि महिनाभराने त्याची रवानगी पोटमाळ्यावर होते. कोथरूडमधील आमच्या गल्लीत एकमेकांना लागून अकरा बंगले आहेत, आणि त्यांपैकी निदान सात घरांच्या पोटमाळ्यांवर असा एखादा सापळा धूळ खात होता. सापळे निरुपयोगी असतात असा याचा अर्थ नव्हे. आम्ही ते चुकीच्या डासासाठी, चुकीच्या जागी आणि एकेकट्याने वापरत होतो, आणि या तिन्हींपैकी शेवटची चूक सर्वांत महागात पडते.

डास कोणता, हे न पाहणे

‘डास फार झाले आहेत’ ही तक्रार पुरेशी नाही. ते कधी आणि कुठे चावतात हे आधी पाहावे लागते. सकाळी झाडांना पाणी घालताना किंवा दुपारी चारच्या पुढे घोट्यांजवळ गुपचूप चावणारा, काळसर अंगाचा आणि पायांवर पांढरे पट्टे असलेला डास म्हणजे एडिस. डेंगू, चिकुनगुनिया आणि झिका हे तिन्ही आजार तोच पसरवतो, आणि त्याला साठलेले स्वच्छ पाणी लागते. रात्री कानाशी गुणगुणणारा, फिकट तपकिरी डास बहुधा क्युलेक्स असतो. तो गटार, सेप्टिक टँक आणि तुंबलेले घाण पाणी यांत वाढतो. मलेरियाचा शहरी ॲनॉफिलीस गच्चीवरील उघड्या टाकीतही अंडी घालतो.

हा भेद केवळ माहितीसाठी नाही, कारण उपाय त्यावरच ठरतो. एडिस सहसा काहीशे मीटरांपलीकडे जात नाही, म्हणजे तो तुम्हाला चावत असेल तर त्याचे जन्मस्थान तुमच्याच आवारात किंवा पलीकडच्या दोन-चार घरांत आहे. क्युलेक्स मात्र किलोमीटर-दोन किलोमीटर सहज उडतो. मुळा-मुठेच्या काठाला किंवा जलपर्णीने भरलेल्या तलावाजवळ राहणाऱ्यांनी अंगणात कितीही सापळे मांडले तरी रात्रीचे डास त्यामुळे फारसे कमी होणार नाहीत. त्यांनी खिडक्यांना जाळ्या लावाव्यात, सेप्टिक टँकच्या हवेच्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी आणि नदीपात्राबद्दल महापालिकेकडे पाठपुरावा करावा.

निळ्या दिव्यावर भिस्त ठेवणे

कीटक तडतडत जळतात तो निळसर दिव्याचा सापळा पाहून समाधान फार मिळते, आणि त्याची अडचण नेमकी तीच आहे. चावणारी मादी प्रकाशापेक्षा आपल्या श्वासातील कार्बन डायऑक्साइडकडे, घामाच्या वासाकडे आणि शरीराच्या उष्णतेकडे ओढली जाते. १९९० च्या दशकात अमेरिकेतील डेलावेअर राज्यात अशा दिव्यांत मेलेले कीटक मोजले गेले, तेव्हा १३,७८९ कीटकांपैकी चावणारे अवघे ३१ निघाले. बाकीचे सारे पतंग, भुंगेरे आणि इतर निरुपद्रवी जीव होते, म्हणजे कढीपत्त्यावरची कीड खाणारे बिचारे मित्रकीटकही त्यातच गेले. हा दिवा अंगणात लावू नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

साखर आणि यीस्ट घालून कापलेल्या बाटलीचा जो घरगुती सापळा सुचवला जातो, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो खरा, पण तो इतका थोडा असतो की शेजारी बसलेल्या माणसापुढे त्याचा टिकाव लागत नाही. तो करून पाहायला हरकत नाही. त्यावर विसंबू नये.

अंड्यांचा सापळा लावून विसरणे

एडिसवर खरोखर उपयोगी पडणारा सापळा अगदी साधा असतो. मादी रक्त पिऊन झाल्यावर अंडी घालण्यासाठी गडद रंगाचे, सावलीतले, पाणी असलेले भांडे शोधते, आणि आपण तिला नेमके तसेच भांडे देऊन फसवायचे असते. काळ्या रंगाचा लिटर-दीड लिटरचा डबा घ्यावा, काठाच्या दोन बोटे खाली एक भोक पाडावे म्हणजे पावसाचे पाणी त्याच्या वर चढणार नाही, आणि तीन-चार दिवस वाळके गवत भिजवून ठेवलेले पाणी त्यात भोकापर्यंत भरावे. आतल्या बाजूने खरखरीत सुती कापडाची पट्टी लावावी. भोकाच्या किंचित खाली, म्हणजे पाण्याच्या पातळीला बुडेल अशी, मच्छरदाणीची जाळी ताणून घट्ट बसवली की अळ्या जाळीखाली उतरतात आणि पुढे डास झाले तरी त्यांना वर येता येत नाही.

इथपर्यंत सगळे जमते. चूक होते ती पुढे. दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये मी असे चार डबे लावले आणि बारा दिवसांसाठी गावी गेलो. उन्हाने पाणी उतरले, एका डब्याची जाळी सुटली, नंतरच्या पावसाने तो पुन्हा भरला. परत येऊन डबा उचलला तेव्हा माझ्या सावलीने पाण्यातल्या पन्नासेक अळ्या एकदम तळाकडे वळवळत गेल्या, आणि त्यांच्यात स्वल्पविरामाच्या आकाराचे कोषही होते. कोष दिसणे म्हणजे डास बाहेर पडायला एक-दोन दिवसच उरलेले असणे. कोषातून निघालेल्या रिकाम्या सालीही तरंगत होत्या, त्यामुळे किती डास आधीच उडून गेले होते हे विचारण्यात अर्थ नव्हता. गल्लीला डास पुरवण्याचे काम त्या पंधरवड्यात माझ्याच घराने केले.

पुण्याच्या पावसाळी हवेत अंड्यापासून डास होण्यास साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणून डबा आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, रिकामा झालाच पाहिजे. पाणी गटारात न ओतता कोरड्या मातीवर ओतावे. पट्टीवर आणि डब्याच्या आतल्या भिंतीवर उकळते पाणी टाकून ती घासावी. ज्यांना दर आठवड्याची खात्री देता येत नाही, त्यांनी हा सापळा लावूच नये. किंवा त्यात बीटीआय या जिवाणूची गोळी टाकावी. ती अळ्यांना मारते, पण माणसे, पाळीव प्राणी आणि मासे यांना अपाय करत नाही. गोळी किती दिवस चालते ते वेष्टनावर छापलेले असते, त्या मुदतीनंतर ती बदलावी लागते.

जागेबद्दल थोडक्यात सांगायचे तर डबा जमिनीलगत, सावलीत, झुडपांच्या आडोशाला आणि बसण्याच्या जागेपासून शक्य तितका दूर असावा. झोपाळ्याशेजारी ठेवलेला सापळा डासांना तुमच्याच पायांशी बोलावतो.

पाणी ओतणे, पण भांडे न घासणे

एडिसची मादी अंडी पाण्यावर सोडत नाही. ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर भिंतीला चिकटवते. खसखशीहूनही बारीक, काळे ठिपके दिसतात, आणि ते मळ समजून आपण दुर्लक्ष करतो. ही अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी चढले की त्यांतून अळ्या निघतात. आरोग्य खाते ‘कोरडा दिवस पाळा’ असे सांगते, त्यात नुसते पाणी ओतून देणे अभिप्रेत नसून भांडे काथ्याने घासून, उन्हात वाळवून मग भरणे अपेक्षित असते. पुण्यात दुरुस्तीच्या कामांसाठी गुरुवारी पाणी बंद राहण्याची सवय अनेक भागांना आहे. बुधवारी रात्री भरलेले पिंप शुक्रवारी नळ आल्यावर अर्धे उरते, तसेच वरून पुन्हा भरले जाते, आणि असे महिनोन्‌महिने चालते. पाणी बंदच्या दिवशी पिंप तळापर्यंत संपवून घासावे. कोरडा दिवस आपोआप पाळला जातो.

कुंड्यांखालच्या ताटल्या, कूलर, फ्रिजमागचा ट्रे, पक्ष्यांसाठी ठेवलेले पाणी आणि बाटलीतला मनीप्लांट ही ठिकाणे आता बहुतेकांना पाठ आहेत. राहून जातात ती निराळीच : गुलमोहराच्या पानांनी तुंबलेली पन्हळ, ताडपत्रीच्या सुरकुत्या, कापलेल्या बांबूची पोकळ पेरे, पाण्याच्या मीटरची झाकलेली चौकट, पर्जन्यजल पुनर्भरणाच्या खड्ड्याचे तोंड, बांधकामावरील लिफ्टचा खड्डा. आमच्या गल्लीत सगळे तपासूनही दोन महिने डास हटेनात, तेव्हा शेवटी सापडले ते कपडे वाळत घालण्यासाठी रोवलेल्या लोखंडी नळ्यांचे उघडे तोंड. नळीत वाकून पाहिले तर काळोखाखेरीज काही दिसत नव्हते. लांब तार घालून बाहेर काढली तेव्हा ती वीतभर ओली होती. त्याच तारेला चिंधी बांधून थोडे पाणी वर काढले, पांढऱ्या बशीत ओतले, आणि बशीत अळ्या नाचू लागल्या. नळीत काठोकाठ वाळू भरून वर सिमेंटचा गोळा बसवला, खर्च जवळजवळ शून्य आला.

धुराने काम झाले असे समजणे

धूरफवारणी त्या वेळी उडत असलेले डास मारते. पाण्यातल्या अळ्यांना आणि कोषांना तिचा स्पर्शही होत नाही, त्यामुळे चार-पाच दिवसांत नवी फौज तयार असते. भर दुपारी केलेला धूर तर तापलेल्या हवेबरोबर वर निघून जातो. आजाराची साथ असताना, पहाटे किंवा तिन्हीसांजेला केलेल्या फवारणीचा उपयोग आहे. दर रविवारी वर्गणी काढून करायची ही गोष्ट नव्हे.

कुंपणाला हद्द समजणे

माझ्या मते सगळ्यांत मोठी चूक हीच आहे. प्वेर्तो रिको या कॅरिबियन बेटावर अंड्यांसाठी येणाऱ्या माद्यांना पकडणारे सापळे घरटी तीन याप्रमाणे लावले गेले आणि परिसरातील बहुतांश घरे त्यात सामील झाली, तेव्हा एडिसची संख्या निम्म्याने किंवा त्याहूनही अधिक घटली. हे यश सापळ्याइतकेच त्या बहुतांश घरांचे होते. एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालणारी मादी ती सगळी एकाच भांड्यात ठेवत नाही, थोडीथोडी अनेक भांड्यांत वाटते. म्हणून दहा घरांनी स्वच्छ ठेवलेल्या गल्लीत एका घराची एक बादलीही पुरते.

सहकार्य मागण्याची रीतही चुकते. व्हॉट्सॲपच्या गटावर शेजाऱ्याच्या टाकीचे छायाचित्र टाकले की उत्तर म्हणून आपल्या कुंड्यांचे छायाचित्र येते, आणि फाटकावर खोचक पाटी लावण्याची पुणेरी हौस इथे मुळीच कामाला येत नाही. आमच्याकडे लेले काकूंच्या, म्हणजे खऱ्या आडनावाऐवजी आपण त्यांना असे म्हणू, आवारात पन्नासएक कुंड्या आहेत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी दारातूनच सांगितले, “अहो, आमच्याकडे नाहीत हो डास, तुमच्याकडूनच येतात.” दुसऱ्यांदा बशीतल्या अळ्या घेऊन गेलो आणि म्हटले, “काकू, या माझ्याच डब्यातल्या आहेत. तुमच्याकडे कुठे असतील ते आपण दोघांनी पाहू या का?” त्यांनी चष्मा आणायला आत धाव घेतली.

प्रत्यक्षात टिकली ती व्यवस्था अशी आहे की पाच घरांत काम करणाऱ्या माळीदादांना महिन्याकाठी थोडे जास्त पैसे सर्वांनी मिळून दिले, आणि दर शनिवारी ताटल्या, डबे आणि पन्हळी पाहण्याचे काम त्यांच्याकडे सोपवले. बंद घर हा सर्वांत अवघड मुद्दा असतो. मुलांकडे परदेशी गेलेल्या दोन कुटुंबांनी आवाराची किल्ली शेजारी ठेवली. एका घराचा पत्ताच लागला नाही, तेव्हा क्षेत्रीय कार्यालयातील कीटक प्रतिबंधक विभागाकडे लेखी अर्ज दिला. २०२४ च्या जूनमध्ये पुण्यातील एरंडवण्यात झिकाचे रुग्ण आढळल्यापासून अशा अर्जाचे महत्त्व शेजाऱ्यांना वेगळे पटवून द्यावे लागत नाही.

सापळा काय सांगतो, हे न वाचणे

डब्याच्या पट्टीवरील ठिपके दर शनिवारी मोजून वहीत लिहावेत. एकाच घराच्या डब्यात सतत अंडी जास्त सापडत असतील तर उगम त्या घराच्या आसपास शोधावा. सगळ्यांकडे अंडी कमी झाली, पण दिवसा चावणे तसेच राहिले, तर अधिक आकर्षक असे पाणी कुठेतरी उघडे आहे आणि माद्या आपल्या डब्याकडे फिरकत नाहीत. डबे पहिल्यापासून ठिपकेरहित असतील तर ते उन्हात आहेत का, पाणी आटले आहे का, हे पाहावे. तसे नसेल तर रात्री कानाशी येणारा आवाज ऐकावा आणि गटाराच्या झाकणाकडे वळावे.

ही वही दिवाळीनंतर बंद करू नये. थंडीत आकडे शून्यावर येतात आणि सगळे निर्धास्त होतात, पण भांड्यांच्या भिंतींवर चिकटलेली अंडी पुढच्या पावसाची वाट पाहत असतात. आम्ही मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, वळवाच्या सरी सुरू व्हायच्या आत, रिकाम्या कुंड्या, पिंपे आणि डबे सगळ्या घरांत एकाच दिवशी घासून उन्हात पालथे घालतो.