वेव्हफॉर्म दिसत नाही? सॉफ्टवेअर काढायच्या आधी हे बघा

घरी बसून लग्नाचे, बारशाचे व्हिडिओ एडिट करायला लागलेल्यांसाठी लिहितोय. कट, ट्रॅक, एक्स्पोर्ट एवढं येतं असं धरून चालतो. वेव्हफॉर्म म्हणजे टाइमलाइनवर दिसणारी आवाजाची वरखाली होणारी आकृती. तिच्या जागी नुसती सपाट रेघ दिसली की जो तो एकच सांगतो, सॉफ्टवेअर काढा नि परत टाका. अजिबात करू नका, अर्धा दिवस जातो आणि बऱ्याचदा रेघ तशीच राहते.

आधी तीच क्लिप व्हीएलसी प्लेअरमध्ये वाजवून बघा. तिथं आवाज आला तर फाइल ठीक आहे, काळजी सोडा. मग ट्रॅकची उंची ओढून वाढवा, ट्रॅक बारीक असला की वेव्हफॉर्म दिसतच नाही. डिस्प्ले चालू आहे का तेही बघा, प्रीमिअर नि शॉटकट या दोन एडिटिंग सॉफ्टवेअरचं सांगतो, प्रीमिअरमध्ये टाइमलाइनवरच्या पान्याच्या चिन्हात शो ऑडिओ वेव्हफॉर्म आहे, शॉटकटमध्ये टाइमलाइनच्या मेनूत.

तरी दिसत नसेल तर कॅशे बघा, म्हणजे सॉफ्टवेअर स्वतःच्या सोयीसाठी बाजूला साठवून ठेवतं त्या फाइली. मी इथंच अडकलो होतो आणि धड कुणी सांगितलं नाही, म्हणून सविस्तर सांगतो. टाइमलाइनवर दिसतं ते आवाजाचं आधीच काढून ठेवलेलं चित्र असतं. व्हिडिओचा आवाज बहुतेक सेकंदाला 48,000 सॅम्पलचा (सॅम्पल म्हणजे आवाजाचं एक माप), म्हणजे तासाभराच्या क्लिपमध्ये एका चॅनेलचे 17 कोटी 28 लाख सॅम्पल झाले, आता प्रत्येक झूमला एवढे मोजत बसलं तर लॅपटॉप जागेवरून हलणार नाही, म्हणून सॉफ्टवेअर एकदाच मोजतं आणि फक्त वरची खालची टोकं वेगळ्या फाइलीत लिहून ठेवतं. प्रीमिअरमध्ये तिला पीक फाइल म्हणतात. ही फाइल तुम्ही काही बदललं नसेल तर सी ड्राइव्हवर जाते. सी ड्राइव्ह गच्च भरला की ती लिहिलीच जात नाही. आणि मोजणी चालू असताना लाइट गेली नि यूपीएस नसला तर ती अर्धवट राहू शकते, मग क्लिपचा सुरुवातीचा भाग नीट दिसतो नि पुढं सपाट. क्लिप शाबूत, आवाज शाबूत, चित्र तेवढं बिघडलेलं. सॉफ्टवेअर काढलं तरी कॅशेचं फोल्डर बऱ्याचदा तिथंच पडून असतं, मग परत टाकून फरक कसा पडणार?

सी ड्राइव्हवर जागा करा. प्रीमिअरच्या प्रेफरन्सेसमध्ये मीडिया कॅशे आहे, तिथून जुनं डिलीट करा आणि जमलं तर लोकेशन दुसऱ्या ड्राइव्हवर द्या. शॉटकटमध्ये क्लिपवर राइट क्लिक करून रीबिल्ड ऑडिओ वेव्हफॉर्म. मग थांबा, मोजणी पूर्ण होऊ द्या, तोवर एकही कट मारू नका. कॅशे पुसायचा आहे हं, ओरिजिनल फूटेजच्या फोल्डरला हात लावायचा नाही, तो गेला तर कुणाचं लग्न परत शूट होत नाही.

माझं स्पष्ट मत आहे, शिकवताना जो आपल्या हातातला माउस काढून घेतो नि पटकन करून देतो त्याच्याकडं शिकायला बसू नका, काम होतं पण का झालं ते कळत नाही. कीबोर्ड शॉर्टकटची यादी पाठ करणं पण नंतर, आधी फाइली कुठं जातात ते शोधा.

वेव्हफॉर्म आला तरी तो काय सांगतो ते बघावं लागतं. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात घरात रेकॉर्डिंग केलं की शेजारच्या यंत्रमागाची खडखड सबंध क्लिपभर जाड पट्टा होऊन बसते, बोलणं त्यात सापडत नाही. घाबरू नका, तो सॉफ्टवेअरचा दोष नाही. माईक तोंडाजवळ घ्या, लगेच फरक पडतो. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या वेळी नंदीध्वजांच्या मिरवणुकीत हलगीजवळ उभं राहून शूट केलं तर टोकं वर सपाट कापलेली दिसतात, तो आवाज फाटला, तो नीट परत येत नाही. तिथं लेव्हल आधीच खाली ठेवा.

आणि मोबाइलचं फूटेज असेल, सुरुवातीला ओठ नि वेव्हफॉर्म जुळतात पण शेवटाकडं सरकतात असं होत असेल, तर मोबाइल बऱ्याचदा फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, कमीजास्त करत रेकॉर्ड करतो म्हणून. क्लिप सरकवून जुळवत बसू नका, पुढं परत सरकेल. हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कॉन्स्टंट फ्रेमरेट निवडून नवी फाइल काढा आणि टाइमलाइनवर तीच घ्या, एडिट सुरू करायच्या आधी.